तास्कोचा कारखाना : एका नावामागचे हात

'कार्यशाळा' या शब्दाची धार आम्हा प्राध्यापकांनीच घालवली आहे. उद्घाटन, बीजभाषण, चार सत्रे, मध्ये दोनदा चहापान आणि शेवटी प्रमाणपत्रांचे वाटप, एवढे झाले की कार्यशाळा पार पडते. तीत कोणाच्याही हातून काहीही घडलेले नसते. 'कारखाना' या शब्दाचे निराळेच झाले. शिवकालाविषयी आपण 'बारा महाल, अठरा कारखाने' असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दात जिन्नस जोपासण्याचा आणि घडवण्याचा, वस्तू माणसांच्या नजरेखालून व हातांखालून जाण्याचा अर्थ असतो. आज मात्र कारखाना म्हटले की धुराडे आणि पाळीचा भोंगा आठवतो. उस्ताद आणि शागीर्द एकाच भट्टीजवळ बसून काम करतात अशी जी या दोहोंमधली जागा, तिला आजच्या मराठीत चटकन शब्द सापडत नाही.

ही उणीव आम्हाला जाणवली ती मेक्सिकोतील तास्को या डोंगरी गावातल्या चांदीकामाच्या एका जागेचा इतिहास वाचताना. अशा जागेला स्पॅनिशमध्ये 'तायेर' म्हणतात. १९३१ साली विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकी गृहस्थाने येथे 'तायेर दे लास देलिसियास' सुरू केले. 'देलिसियास' हे त्या गल्लीचे नाव. शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'आनंदांची गल्ली'. विसाव्या शतकातील चांदीच्या दागिन्यांचा इतिहास या गल्लीला वगळून लिहिता येत नाही. स्प्रॅटलिंग १९६७ मध्ये गेला. त्या जागेचे आणि तेथे घडलेल्या आरंभीच्या दागिन्यांचे स्मरण करावे, असा या लेखाचा हेतू आहे. मात्र स्मरण नेमके कोणाचे करायचे, हा प्रश्न सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. येथून पुढे 'कारखाना' हा शब्द आम्ही त्याच्या जुन्या अर्थानेच वापरणार आहोत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला स्प्रॅटलिंग प्रथम भेटतो तो विल्यम फॉकनरच्या चरित्रात. १९२५ साली न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या फ्रेंच वस्तीत हे दोघे एकाच घरात राहत होते. फॉकनर आपली पहिली कादंबरी लिहीत होता आणि स्प्रॅटलिंग तुलेन विद्यापीठात वास्तुकला शिकवीत होता. म्हणजे आमच्यासारखाच एक अध्यापक. वय पंचविशीच्या आतले, हाती रेखाटनाची वही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दोघे एका मालवाहू जहाजातून युरोपला गेले. फॉकनरने त्या काळात वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या 'आऊट ऑफ नाझरेथ' या छोट्या लेखनात स्प्रॅटलिंग स्वतःच्या नावानिशी वावरतो आणि चित्रकाराच्या हाताविषयी लेखकाला वाटणारी हलकीशी असूयाही तेथे डोकावते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखकाला ज्या हाताचा हेवा वाटला, तो हात आपल्याही लक्षात राहावा. या लेखात तो पुन्हा येणार आहे.

१९२६ साली या जोडीने 'शेरवुड अँडरसन अँड अदर फेमस क्रिओल्स' हे एक खोडकर पुस्तक काढले. न्यू ऑर्लिन्समधील लेखक-कलावंतांची स्प्रॅटलिंगने काढलेली अर्कचित्रे, आणि अँडरसनच्या शैलीची नक्कल करणारी फॉकनरची प्रस्तावना असे त्याचे स्वरूप. ज्येष्ठ अँडरसनला ही थट्टा रुचली नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या पुस्तकाचे शीर्षक मिगेल कोवार्रुबियास या तरुण मेक्सिकन चित्रकाराच्या, वर्षभर आधी आलेल्या अर्कचित्रसंग्रहाच्या शीर्षकावर बेतलेले होते. स्प्रॅटलिंगच्या कामावर मेक्सिकोची सावली तो तेथे स्थायिक होण्याआधीच पडली होती. त्याच वर्षापासून तो उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोला जाऊ लागला आणि १९२९ मध्ये नोकरी सोडून तेथेच राहिला.

तो ज्या मेक्सिकोत गेला, तो दहा वर्षांच्या क्रांतीच्या धामधुमीतून नुकताच बाहेर आला होता. देशाचा आत्मा युरोपीय नकलेत नसून खेड्यांतल्या, आदिवासींच्या कलांत आहे, असा विचार तेव्हा राजधानीत जोर धरत होता. १९२१ साली तेथे लोककलांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्या निमित्ताने 'डॉक्टर आत्ल' हे नाव धारण करणाऱ्या चित्रकाराने मेक्सिकोच्या लोककलांवर ग्रंथ लिहिला. दिएगो रिव्हेरा आणि त्याचे सहकारी सार्वजनिक इमारतींच्या भिंती रंगवीत होते. मेक्सिको शहरात फ्रेडरिक डेव्हिस हा अमेरिकी व्यापारी प्राचीन आकृतिबंधांवर बेतलेले चांदीचे दागिने घडवून घेत असे, आणि तेही स्प्रॅटलिंगच्या आधी. म्हणून 'मेक्सिकन चांदीकामाचा जनक' ही स्प्रॅटलिंगला सर्रास दिली जाणारी पदवी आम्ही जपूनच वापरू. वाङ्मयाच्या इतिहासात 'पहिली कादंबरी कोणाची' या वादाने काय साधते, हे आपण पाहिलेले आहे. पहिलेपणापेक्षा कोणती गोष्ट रुजली आणि का रुजली, हे विचारणे अधिक फलदायी असते.

तास्को हे गेरेरो राज्यातले, मेक्सिको शहराच्या नैर्ऋत्येला डोंगरउतारावर वसलेले गाव. स्पॅनिश विजेत्यांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच येथे खाणी सुरू केल्या. अठराव्या शतकात होसे दे ला बोर्दा हा खाणमालक येथील चांदीवर गबर झाला आणि त्याच पैशातून सांता प्रिस्काचे गुलाबी दगडाचे भव्य चर्च उभे राहिले. त्याचे बांधकाम १७५१ ते १७५८ या सात वर्षांत झाले. मात्र खाणीतून निघालेली चांदी गावात थांबत नव्हती. मेक्सिकोच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतली चांदी आठ रेआलच्या नाण्यांच्या रूपाने जगभर गेली. युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून ती सुरतेलाही उतरे आणि मोगलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडत. घराण्यातून चालत आलेल्या एखाद्या तोड्यातील चांदी मुळात कोणत्या डोंगरातून निघाली, हे कोणीच सांगू शकत नाही. ती मेक्सिकोची असणे अशक्य नाही. ज्या गावाने एवढी चांदी जगाला दिली, त्या गावाला स्वतःच्या चांदीकामासाठी मात्र नाव नव्हते.

ही विसंगती अमेरिकेचा तत्कालीन राजदूत ड्वाइट मॉरो याने बोलून दाखवली, आणि तेथून आपल्याला कारखान्याची कल्पना सुचली, असे स्प्रॅटलिंग पुढे सांगत असे. ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला आता दंतकथेची गुळगुळीत कडा आली आहे. तिच्या शेजारी आणखी दोन कारणे ठेवायला हवीत. एक म्हणजे १९२७ च्या सुमारास राजधानीपासून अकापुल्कोपर्यंत मोटारीचा रस्ता झाला आणि तास्को त्या वाटेवर आले. गिऱ्हाईक दारात येण्याची सोय त्यामुळे झाली. दुसरे कारण म्हणजे स्प्रॅटलिंगला पोट भरायचे होते. कुएर्नावाका येथील राजवाड्यात रिव्हेराने रंगवलेली भित्तिचित्रे मॉरोने पुरस्कृत केली होती. तो व्यवहार जुळवून दिल्याबद्दल मिळालेल्या पैशातून स्प्रॅटलिंगने तास्कोत घर घेतले. 'लिट्ल मेक्सिको' हे तास्को आणि परिसरातील लोकजीवनावरचे त्याचे सचित्र पुस्तक १९३२ मध्ये रिव्हेराच्या प्रास्ताविकासह निघाले. परंतु पुस्तकांवर आणि रेखाटनांवर घर चालत नाही, हे मराठी लेखकाला वेगळे सांगायला नको.

येथे मूळ प्रश्नाकडे वळतो. स्प्रॅटलिंग सोनार नव्हता. ऐरण, मूस, जंतरपट्टी यांच्याशी त्याचा पिढीजात संबंध नव्हता आणि त्याने रीतसर शिक्षणही घेतलेले नव्हते. त्याच्याकडे होता तो वास्तुविशारदाचा डोळा आणि रेखाटणारा हात. धातू जाणणारा हात त्याने शेजारच्या इग्वाला गावाहून आणला. सोनारकामासाठी ख्यात असलेल्या त्या गावातून अर्तेमियो नावार्रेते हा कारागीर तास्कोला आला आणि कारखान्याचा पहिला उस्ताद झाला. स्प्रॅटलिंगने कागदावर काढायचे आणि नावार्रेतेने चांदीत उतरवायचे, अशी कामाची वाटणी वरवर पाहता दिसते. प्रत्यक्षात ती इतकी सुटी असू शकत नाही, हे चांदीचा स्वभाव ठाऊक असणाऱ्याला उमजेल. ठोकत गेले की चांदी ताठर होते. तिला पुन्हा तापवून मऊ करावे लागते, आणि याचा अंदाज चुकला की पत्रा चिरतो. कागदावरची रेघ कितीही बारीक वळू शकते, पण पत्रा किती वळेल ते त्याच्या जाडीवर ठरते. डाख देताना उष्णता थोडी जास्त झाली तर आधी जोडलेला भागही सुटून येतो. म्हणून चित्र कारागिराकडे जाते आणि 'हे असे होणार नाही' हा शेरा घेऊन परत येते. मग चित्र बदलते. आरंभीचे दागिने पाहताना हा संवाद लक्षात ठेवला पाहिजे.

हे दागिने अंगाने भारी आहेत. चांदीचा पत्रा जाड, कडा गोलावलेल्या, पृष्ठभाग मोठा आणि बराचसा मोकळा. तारकामाची नाजूक जाळी येथे फारशी नाही. पट्टे, दोर, लगामाच्या कड्या, अर्धगोल गुंड्या असे घोडेस्वाराच्या सरंजामातले आकार येतात. दुसरीकडे कोलंबसपूर्व काळातील मातीच्या शिक्क्यांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या नक्ष्या, वेटोळी, पक्षी, नाग आणि जग्वार येतात. जग्वारच्या आकाराचे पदक हा त्या कारखान्याचा एक ओळखीचा नमुना. चांदीच्या जोडीला स्थानिक सामग्री येते : गेरेरोच्या खाणींतला जांभळा अ‍ॅमेथिस्ट, पैलू न पाडता नुसता घोटून गोलसर केलेला, तसेच शिसवी जातीचे काळसर लाकूड आणि कासवाची पाठ. पाण्याच्या झाऱ्यांना आणि चहाच्या भांड्यांना चांदीची मूठ असली की हात भाजतो. तेथे कोरीव लाकडाची मूठ येते, आणि भांड्याची गरज व कारागिराची हौस एका जागी भागते. अनेक वस्तूंवर ९८० हा अंक उमटवलेला दिसतो. म्हणजे हजार भागांत ९८० भाग शुद्ध चांदी. नेहमीच्या ९२५ च्या स्टर्लिंगहून अधिक शुद्ध आणि म्हणून अधिक मऊ. मऊ चांदीचा दागिना टिकवायचा तर त्याला जाडी द्यावी लागते, आणि जाडी दिली की आकार आपोआप साधा, ठसठशीत होतो. समीक्षक ज्याला 'शैली' म्हणतात, तिच्यात धातूच्या अशा गरजांचाही वाटा असतो.

या नक्ष्यांचा प्रवास विलक्षण आहे. शेतात नांगर चालताना, पाया खणताना निघालेले प्राचीन मातीचे शिक्के आणि मूर्ती आसपासचे लोक स्प्रॅटलिंगकडे विकायला आणत. तो त्यांचा जाणकार संग्राहक झाला. पुढे त्याने व्हेराक्रूझ प्रदेशातील मूर्तींवर पुस्तकही लिहिले, आणि त्याचा संग्रह आज तास्कोमध्ये सांता प्रिस्काच्या मागील बाजूस त्याच्याच नावाच्या सरकारी संग्रहालयात आहे. शिक्क्यांवरची आकृती त्याच्या वहीत गेली, वहीतून तास्कोच्या कारागिरांच्या हातोडीखाली आली आणि तेथून मोटारीने आलेल्या अमेरिकी प्रवाशांच्या मनगटांवर पोहोचली. ज्यांच्या पूर्वजांनी त्या आकृत्या मातीत उमटवल्या, त्यांच्याच वंशजांना त्या एका परक्याच्या कागदावरून परत मिळाल्या, असेही म्हणता येईल. त्यांच्याकडून त्या परक्या नावाखाली विकल्या गेल्या, असेही म्हणता येईल. वासाहतिक संबंधांची चर्चा करताना आपल्याला यांपैकी एकच बाजू घेण्याची घाई होते. ही दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांतले एक पुसून टाकले तर इतिहास सोपा होतो पण अपुरा राहतो.

कारखान्याचा खरा वेगळेपणा मात्र नक्षीपेक्षा त्याच्या शिकवण्याच्या पद्धतीत होता. गावातली पोरे येथे येत ती आधी झाडलोट करायला, निरोप पोहोचवायला. मग कानस हाती येई, मग उजाळा देण्याचे काम, मग करवत आणि डाख. काही वर्षांनी स्वतंत्र वस्तू. हळूहळू तेथे विणकाम, पत्र्याचे काम, लाकडी सामानही होऊ लागले. ही पोरे नक्षी उतरवण्यापुरती थांबली नाहीत. एक्तोर आगिलार हा कारखान्याचा व्यवस्थापक १९३९ मध्ये काही कारागिरांना बरोबर घेऊन बाहेर पडला आणि त्याने 'तायेर बोर्दा' काढले. त्याच वर्षी आन्तोनियो कास्तियोने भावांसह 'लोस कास्तियो' सुरू केले. चांदी, तांबे, पितळ यांचे तुकडे एकमेकांत बेमालूम जोडण्याच्या तंत्रासाठी ते पुढे प्रसिद्ध झाले. त्या तंत्राला ते 'लग्न लावलेले धातू' अशा अर्थाचे नाव देत. १९४१ मध्ये आन्तोनियो पिनेदाने आपले दुकान थाटले. लहानपणी तास्कोतच तामिजी कितागावा या जपानी चित्रकाराच्या खुल्या चित्रशाळेत शिकलेला हा मुलगा स्प्रॅटलिंगकडे तयार झाला आणि पुढे त्याची वळणे गुरूहून इतकी निराळी झाली की जाणकार त्याचा दागिना दुरूनच ओळखतात.

शिष्य निघून जाणे हा कारखान्याचा तोटा मानायचा की लाभ? हिशेबाच्या वहीत तो तोटाच. प्रत्येक जाणाऱ्याबरोबर काही वर्षांचे शिक्षण गेले, गिऱ्हाईक गेले, आणि समोरच्या गल्लीत स्पर्धक उभा राहिला. पण आम्ही वर्गात उभे राहणारी माणसे आहोत. आम्हाला हा हिशेब वेगळा दिसतो. ज्या शिक्षकाचे विद्यार्थी जन्मभर त्याच्याच टिपणांवर जगतात, त्याला आम्ही मोठा शिक्षक म्हणत नाही. आपल्या विद्यापीठीय परंपरेत मार्गदर्शकाच्या प्रबंधाला पुरवणी जोडावी तसे विद्यार्थ्याचे प्रबंध किती लिहिले गेले आहेत, हे या पानांच्या वाचकांना ठाऊक आहे, आणि त्यातील आमचा वाटाही आम्ही नाकारत नाही. तास्कोतल्या त्या एका घरातून अशी माणसे निघाली की ज्यांना गुरूचे वळण मोडता आले. ते वळण मोडण्याइतके त्यांना ते आतून कळले होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि या जागेचा अर्थच बदलू लागला. युरोपातून अमेरिकेत येणारे दागिने, चैनीच्या वस्तू बंद झाल्या. मोठमोठ्या अमेरिकी दुकानांनी तास्कोकडे मागण्या नोंदवल्या आणि कामगारांची संख्या शेकड्यांत गेली. कंपनी स्थापन झाली. तिचे नाव 'स्प्रॅटलिंग इ आर्तेसानोस', म्हणजे 'स्प्रॅटलिंग आणि कारागीर'. या नावापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्यात कारागिरांना जागा आहे, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नाही. पण एका बाजूला एकाचे आडनाव आणि दुसऱ्या बाजूला निनावी अनेकवचन, ही तऱ्हा पाहिली की नाटकाच्या जाहिरातीतील 'आणि इतर' आठवल्याशिवाय राहत नाही. एकाच नमुन्याच्या शेकडो प्रती वेळेत पाठवायच्या म्हटल्यावर 'हे असे होणार नाही' असे म्हणत चित्र परत आणणाऱ्या कारागिराला वाव उरत नाही. ज्या संवादातून आरंभीचे दागिने घडले, तो संवादच मागणीच्या ओझ्याखाली दबला. १९४५ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा एका अमेरिकी भांडवलदाराच्या हाती गेला. युद्ध संपताच युरोपचा माल बाजारात परतला आणि अल्पावधीतच कंपनी मोडली. स्प्रॅटलिंगच्या हातून त्याचा कारखाना गेला. मराठीत 'कारखाना' या शब्दाचा अर्थ बदलायला शतके लागली. तास्कोत तो बदल दहा-पंधरा वर्षांत घडला आणि कोसळलाही.

यानंतर स्प्रॅटलिंगने अलास्काचा एक प्रयोग केला, तो थोडक्यात सांगतो. तेथील गव्हर्नर अर्नेस्ट ग्रुनिंग याच्या पुढाकाराने अलास्कातील मूळ रहिवाशांसाठी तास्कोसारखे कारखाने काढण्याची योजना त्याने आखली, स्थानिक सामग्री वापरून नमुने तयार केले, आणि १९४८ मध्ये तेथील काही तरुण त्याच्याकडे मेक्सिकोत येऊन शिकलेही. पण योजना म्हणून ती उभी राहू शकली नाही. सरकारी आधार आटला, हे एक कारण झाले. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तास्कोमध्ये आधी माणसे जमली, आणि नियम, शाळा, बाजार नंतर आले. अलास्कात आराखडा आधी आला आणि माणसे नंतर. अभ्यासक्रम आधी मंजूर करून मग विषयाचे शिक्षक शोधणाऱ्यांना हा क्रम परिचित असेल.

शेवटची वर्षे स्प्रॅटलिंगने तास्कोपासून काही अंतरावरच्या तास्को एल व्हिएहो येथील आपल्या शेतावर काढली. तेथे पुन्हा लहान कारखाना उभा राहिला, थोडे कारागीर, थोडे काम. या काळातील दागिने आरंभीच्या दागिन्यांपेक्षा हलके, रेषेने अधिक वाहते आहेत. जवळून पाहिले तर पुन्हा तोच संवाद चालू झाल्याचे जाणवते. ७ ऑगस्ट १९६७ रोजी तास्कोजवळ मोटार अपघातात त्याचा अंत झाला. त्याचे आत्मचरित्र त्याच वर्षी, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. शेतावरील कारखाना नव्या मालकांनी चालू ठेवला आणि त्याच्या नमुन्यांवरून दागिने घडत राहिले. त्यामुळे संग्राहकांपुढे एक पेच उभा राहिला. चित्र त्याचे, जागा त्याची, कारागिरांपैकी काही तेच. मग त्याच्या मृत्यूनंतर घडलेला दागिना त्याचा म्हणायचा की नाही? हा प्रश्न जे विचारतात, ते त्याच्या हयातीतील दागिने मात्र निःशंकपणे 'त्याचे' म्हणतात, याची आम्हाला गंमत वाटते. तेव्हाही हातोडी दुसऱ्याच कोणाच्या हातात होती.

दागिन्यांचा काळ ठरवताना जाणकार तो उलटा करून पाहतात. मागच्या बाजूला ठसा असतो. अगदी आरंभीच्या वस्तूंवर डब्ल्यू आणि एस ही अक्षरे एकमेकांत गुंतवून उमटवलेली दिसतात. पुढे पूर्ण नाव आणि मेक्सिकोत घडवल्याची नोंद येते. ठशांच्या या क्रमावरून वर्षे लावली जातात, किंमत ठरते, नक्कल ओळखली जाते. म्हणजे आज या कारखान्याचा इतिहास बव्हंशी ठशांवरून लिहिला जातो, आणि ठसा एकाच माणसाचा आहे. आपल्या देवघरातल्या टाकांची आठवण येथे होते. खंडोबाचा किंवा कुलदेवीचा चांदीचा टाक घडवणारा कारागीर त्यावर नाव घालत नाही. तेथे सगळेच निनावी असते, म्हणून कोणाचे नाव गाळले गेले अशी खंत उरत नाही. स्प्रॅटलिंगच्या ठशाने एक नाव दिले, आणि ते दिल्यामुळेच बाकीची नावे नसल्याचे दिसू लागले.

तरीही मागच्या बाजूला ठशाखेरीज आणखी काही असते. डाखाची पुसटशी रेघ, कानशीचे ओरखडे, टाचणी बसवताना पत्र्याला दिलेला किंचित फुगवटा. हे प्रत्येक हाताचे निराळे असते. संहिताचिकित्सा करताना आपण लेखनिकाचे वळण, त्याची खाडाखोड, त्याने ओळ मोडण्याची लकब पाहतो आणि नाव न ठेवलेल्या लेखनिकालाही ओळखू लागतो. तास्कोच्या आरंभीच्या दागिन्यांचे वाचन या नजरेने व्हायला हवे. त्यातून स्प्रॅटलिंग लहान होत नाही. रेघ काढणारा हात त्याचाच होता. फॉकनरला हेवा वाटावा असा. त्या हाताचे मोठेपण यात की त्याने दुसऱ्या हातांना शिकण्यासाठी जागा दिली आणि त्यांनी आपल्या वाटेने जावे इतके त्यांना घडू दिले.

आन्तोनियो पिनेदा २००९ मध्ये नव्वदीत गेला. आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील फाउलर संग्रहालयात त्याच्या चांदीकामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या वस्तूंवरील ठशात पिनेदाचे स्वतःचे नाव आहे. तास्कोच्या गल्ल्यांत आजही हातोड्या वाजतात, आणि त्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांची विद्येची वंशावळ मागे मागे जात देलिसियासच्या त्या घरापर्यंत पोहोचते. त्या घरात १९३१ साली ऐरणीशी बसलेल्या नावार्रेतेच्या नावाचा ठसा आम्ही अद्याप कोणत्याही दागिन्यावर पाहिलेला नाही. त्या काळातले जग्वारचे पदक कधी हाती आलेच, तर आम्ही ते आधी उलटे करू आणि डाखाची रेघ शोधू.